आधी हातातली पिशवी भरा, मग व्हाइट नाइटचे कपडे

आज संध्याकाळी ताई आणि भावजींबरोबर पुण्यात टिळक रोडवर एका टूर कंपनीच्या मीटिंगला गेले होते. दिवाळीनंतर ते दोघं सिंगापूरहून क्रूझला निघालेत आणि बॅगा कशा भरायच्या ते सांगायला सगळ्यांना बोलावलं होतं. घरी येऊन कुकर लावला, भाजी फोडणीला टाकली, तरी डोकं शांत होईना. म्हणून जेवायच्या आधीच लिहायला बसलेय.

मीटिंगचा बहुतेक वेळ कपड्यांवर गेला. एका रात्री सगळ्यांनी पांढरं घालायचं, एका रात्री फुलाफुलांचं, एका रात्री काळं-सोनेरी. कुठल्या डेकवर किती वाजता उभं राहिलं की फोटो चांगला येतो, तेही सांगून झालं. बायकांनी साड्या टाळाव्यात, जहाजावर बऱ्या दिसत नाहीत म्हणे. मग मागच्या रांगेतले एक काका उभे राहिले. सत्तरी ओलांडलेले, हातात वही आणि पेन. त्यांनी एवढंच विचारलं, "रोजची औषधं मोठ्या बॅगेत टाकायची की जवळ ठेवायची?" समोरचा मुलगा म्हणाला, "काका, ते आपण नंतर घेऊ." कोणीतरी हसलं. पुढची स्लाइड टोप्यांची होती.

नंतर ते घेतलंच नाही. चहा आला, सामोसे आले आणि मीटिंग संपली. अख्ख्या खोलीत कामाचा एकच प्रश्न विचारला गेला आणि त्यालाच लोक हसले!

मला इतका राग का आला, ते सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही घरचे सगळे, सासूबाईंसकट, अशाच क्रूझला गेलो होतो. तिथं काय होतं, की दुपारी मरीना बे क्रूझ सेंटरला पोचलात की मोठ्या बॅगा दारातच काढून घेतात. त्यांना तुमच्या केबिनच्या नंबराची चिठ्ठी लावतात. तुम्ही रिकाम्या हातानं जहाजावर चढता, जेवता, फिरता. बॅगा इकडं एक्स-रेमधून जातात आणि मग एकेक करून केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. हजारो माणसांच्या बॅगा असतात. तुमची तासाभरात येईल, नाहीतर रात्रीच्या जेवणानंतर येईल. हे आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं, आणि आजही कोणी सांगितलं नाही.

आमच्या ग्रुपमध्ये सांगलीकडच्या एक आजी होत्या, मुलगा-सून-नातवंडांबरोबर आलेल्या. साखर आणि बीपी दोन्ही. सुनेनं त्यांच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावून दिल्या होत्या, अगदी काळजीनं. ती डबी मोठ्या बॅगेत. त्याच बॅगेत खाली इस्त्री ठेवलेली, कारण फॉर्मल नाइटचा, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्रीचा, गाउन चुरगळायला नको. इस्त्री जहाजावर चालत नाही. ती एक्स-रेत दिसली आणि बॅग खाली सिक्युरिटीकडे अडकली. आमच्या सगळ्यांच्या बॅगा आल्या, त्यांची नाही. मुलगा-सून नातवंडांना घेऊन वर शो बघायला गेलेले. आजी कॉरिडॉरमध्ये भिंतीचा कठडा धरून उभ्या, कारण जेवणाआधीची गोळी घेतल्याशिवाय जेवायला जायचं कसं?

‘जहाजावर डॉक्टर असतो की,’ असं कोणीतरी कॉमेंटमध्ये लिहीलच. असतो, मान्य. पण इंग्रजी न येणारी म्हातारी बाई त्या भुलभुलैयात दवाखान्याचा मजला शोधणार कशी? आणि तिथली फी वेगळी लागते.

सासूबाईंनी त्यांना आमच्या केबिनमध्ये आणून बसवलं. आमच्या ह्यांना रिसेप्शनला पिटाळलं. ह्यांनी आजींच्या मुलाला शोधून काढलं, दोघं खाली गेले, सही करून इस्त्री जमा केली, तेव्हा कुठं बॅग सुटली. तोवर रात्र बरीच झाली होती. मी त्या सुनेला दोष देत नाहीये, हे नीट वाचा. तिच्या हातात टूरवाल्यांनी दिलेल्या यादीत फॉर्मल नाइट ठळक अक्षरात होती, इस्त्री चालत नाही हे कुठंच नव्हतं.

सासूबाईंच्या स्वतःच्या गोळ्या मात्र पहिल्यापासून काखेतल्या कापडी पिशवीत होत्या. सासूबाई विजयदुर्गाकडच्या. लहानपणी मुंबईहून गावी जायचं ते भाऊच्या धक्क्यावरून, आगबोटीनं. कोकणातल्या कितीतरी बंदरांत बोट धक्क्याला लागायची नाही, पाण्यातच उभी राहायची. माणसं पडावात, म्हणजे होडीत, उतरायची आणि ट्रंका-वळकट्या मागून यायच्या. कुठल्या पडावातून आणि कधी, ते खलाशी जाणे. त्यामुळे त्यांच्या आईचा नियम होता, रात्रीपर्यंत जे लागेल ते अंगाजवळ. पाण्याचा तांब्या, लहान पोराचं लंगोट, वडलांचं दम्याचं औषध. कोकणातल्या बायकांना हे तेव्हा कळत होतं. एसी ऑफिसात बसून परदेशच्या टूर विकणाऱ्यांना आज कळत नाही, याचा मला संताप येतो.

तर पासपोर्ट, व्हिसा आणि बोर्डिंगचे कागद, सगळी औषधं (एका दिवसाची नव्हे, सगळी) डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चष्मा, कवळीची डबी, श्रवणयंत्राचे सेल, फोनचा चार्जर, एक बदलायचा कपड्याचा जोड आणि एक पातळ शाल हातातल्या पिशवीत ठेवा. शाल यासाठी की जहाजाच्या आत एसी कडक असतो. नातवंडांना पोहायचं असेल तर त्यांचे पोहण्याचे कपडेही तिथंच, नाहीतर पहिली दुपार पोरं टाकीच्या काठावर रडत बसतात. बोट लागणाऱ्यांनी गोळीचं डॉक्टरांना इथंच विचारून घ्या. ती मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर घेऊन काय उपयोग? अव्होमिननं झोप येते, हेही वयस्कर माणसांना सांगून ठेवा.

इस्त्रीसारखंच कपड्यांचं स्टीमर, पाणी गरम करायचा रॉड, किटली, बहुतेक ठिकाणी एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा घरीच ठेवा. उदबत्ती, निरांजन, फुलवाती, काडेपेटीही नको. यावर आमच्याकडच्या बायका फार दुखावतात, देवाला दिवा नको का म्हणून. मलाही वाईट वाटतं. पण समुद्रात आग लागली तर अग्निशमनचा बंब कुठून येणार? १९३४ साली मॉरो कॅसल नावाचं प्रवासी जहाज अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्याजवळ पेटलं आणि १३७ माणसं गेली. किनारा जवळ असून. त्यामुळे जहाजवाले विस्तवाच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाहीत आणि ऐकूही नये. देवाचा फोटो न्या, हात जोडा, पुरतं.

आणि दिवाळीनंतर जाणाऱ्यांनो, खसखस! सिंगापूरमध्ये खसखशीला बंदी आहे, दुबईतही आहे. फराळाच्या डब्यातले अनारसे प्रेमानं बॅगेत टाकाल आणि विमानतळावर उत्तरं देत बसाल. तंबाखू, गुटखा आणि च्युइंगगमचंही तेच. जहाजावर तर घरचं शिजवलेलं बहुधा नेऊच देत नाहीत. सीलबंद पाकिटं काही ठिकाणी चालतात, त्या-त्या जहाजाचा नियम लेखी विचारून घ्या. हे मीटिंगमध्ये सांगायला किती वेळ लागला असता? टोप्यांच्या स्लाइडपेक्षा कमीच.

आता थोडी शांत झालेय. मीटिंगला एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं आमच्या पुढच्या रांगेत. ती मुलगी पांढरा ड्रेस लक्ष्मी रोडला मिळेल की कॅम्पात, हे हळूच नवऱ्याला विचारत होती. किती आनंदात होती पोर. अशी पोरं हप्ते भरून, पैसे साठवून जातात. घ्यावेत कपडे, काढावेत फोटो, पन्नास काढावेत. नटायची हौस असायलाच हवी. पण त्याच बॅगेत तिच्या सासऱ्यांची औषधं जाणार असतील, तर तिला कोणीतरी नीट सांगायला हवं ना? नाहीतर उद्या आजी कॉरिडॉरमध्ये उभ्या राहतील आणि बोल त्या पोरीला लागेल. तिला यादी देणारा नामानिराळा.

साडीचं मात्र मी सोडणार नाही. फॉर्मल डिनरला साडी चालते, उत्तम चालते. आमच्या सासूबाई इरकल नेसून गेल्या होत्या आणि वाढणारा मुलगा अदबीनं खुर्ची ओढून उभा राहिला होता. काठ भिजेल, पाय अडखळेल म्हणून वरच्या डेकवर नको म्हणा, ते पटेल. दिसायला बरी नाही म्हणून नको? सत्तर वर्षांच्या बाईला तिच्या रोजच्या कपड्यांची लाज वाटायला लावायचा अधिकार कोणी दिला यांना?

त्या काकांना मी जिन्यात गाठलं आणि औषधांचं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, आणखी दोन प्रश्न विचारले. जहाजावरून फोन कसा लागेल? त्यांना म्हटलं, बंदर सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला लागतो आणि बिल भयंकर येतं. जहाजाचं वायफाय वेगळं विकत मिळतं. दुसरा प्रश्न, ओले टॉवेल वाळत कुठं घालायचे. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, तुळशीबागेत मिळतात ते चुंबकाचे हूक घेऊन जा, मस्त चिकटतात. दोन्ही प्रश्न किती शहाणे होते बघा.

शेवटच्या रात्रीचंही लिहून ठेवते, कारण तिथं परत तोच घोळ होतो. उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात, रात्रीतून त्या खाली नेतात आणि सकाळी धक्क्यावर परत मिळतात. सकाळचे कपडे, चपला, दाढीचं सामान, सकाळच्या गोळ्या आणि पासपोर्ट बाहेर काढून मगच बॅग बंद करायची. आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ नाइट पँटवर इमिग्रेशनच्या रांगेत उभे होते. सांगलीच्या आजींच्या सुनेनं मात्र त्या रात्री आजींची डबी त्यांच्या हातात दिली आणि बॅग भरताना आमच्या सासूबाईंना बोलावून घेतलं, एकदा बघा म्हणून.

उद्या सकाळी मी त्या ऑफिसला फोन करणार आहे. पुढच्या मीटिंगची पहिली स्लाइड औषधांची आणि दुसरी बंदी असलेल्या वस्तूंची करा, एवढं सांगणार आहे. ऐकलं नाही तर प्रत्यक्ष जाईन. रविवारी ताईकडे बॅगा भरायला जातेय. कोणाला यादी हवी असेल तर सांगा, मोठ्या अक्षरात टाइप करून पाठवते, घरातल्या वयस्कर माणसांना चष्मा न शोधता वाचता येईल अशी.