‘त्यांना शिकायचंच नाही’ म्हणण्याआधी

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन जेमतेम दोन जीबी रॅमचे. तापायचे, मध्येच बंद पडायचे. त्यावर चालवायचं ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप इंग्रजीत. तक्रार साधी होती आणि कुणालाही तपासून बघता आली असती. तरी तेव्हा मी असलेल्या ग्रुपांवर निकाल लागला तो असा : या बायकांना नवीन काही शिकायचंच नाही. पुढे ॲप मराठीतही आलं, म्हणजे तक्रारीत तथ्य होतं. पण ते वाक्य तसंच राहिलं आणि नेदरलँड्समध्ये बसून मी ते सारखं वाचतो. कधी शिक्षकांबद्दल, कधी तलाठ्यांबद्दल, कधी लाडक्या बहिणींबद्दल.

लाडक्या बहिणींचं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यात पतीच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणीही मागितली गेली. जिचा नवरा आणि वडील दोघंही हयात नाहीत, तिने ओटीपी कुठून आणायचा? तिच्यासाठी त्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती. सरकारला पुढे मुदत वाढवावी लागली आणि अशा महिलांसाठी वेगळी सोय काढावी लागली. पण दरम्यान फोनसमोर बसलेल्या बाईने स्वतःशी काय म्हटलं असेल? ‘फॉर्म चुकलाय’ असं म्हणायला आधी दहा फॉर्म नीट भरल्याचा अनुभव लागतो. तो नसेल तर माणूस ‘मला हे जमत नाही’ असंच म्हणतो, आणि पुढच्या वेळी फोन हातात घ्यायच्या आधीच शेजारच्या मुलाला हाक मारतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हीच गोष्ट मांडली होती. एखादं काम आपल्याला जमेल हा विश्वास सगळ्यात जास्त कशाने वाढत असेल, तर ते काम स्वतः करून जमल्याने. त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणालातरी ते जमताना बघून. कुणी पाठ थोपटली तर उपयोग होतो, पण तेवढा नाही. आणि घाबरलेल्या शरीराची धडधड माणूस ‘मी यात कच्चा आहे’ याचा पुरावा म्हणून वाचतो. आपली बहुतेक सरकारी प्रशिक्षणं याच्या नेमकी उलटी असतात. मोठा हॉल, पडद्यावर प्रोजेक्टर, पुढे पंचविशीतला प्रशिक्षक. शेवटी एक धमकीवजा परिपत्रक.

इथेही सरकार फार शहाणं होतं असं नाही. डच कर विभाग वर्षानुवर्षं निळ्या पाकिटातून पत्रं पाठवतो. २०१५ मध्ये ती बंद करून सगळा व्यवहार ऑनलाइन करायचा कायदा झाला. मोठा गदारोळ झाला. राष्ट्रीय लोकपालांनी कान उपटले, कारण अनेकांना हे एकट्याने झेपणार नव्हतं. शेवटी कागदाचा पर्याय ठेवावा लागला आणि निळी पाकिटं आजही येतात. (‘डिजिडी’ ही इथली सरकारी ऑनलाइन ओळख, आणि ती सुरू करायचा कोडही कागदी पत्राने घरी येतो. याची गंमत मला अजून वाटते.) २०१९ पासून सार्वजनिक वाचनालयांत सरकारी ऑनलाइन कामांसाठी मदतीचं टेबल सुरू झालं. त्याच्याही आधीपासून, १९९६ पासून, ‘सीनियरवेब’ नावाची संस्था आहे. तिथे शिकवणारे बरेचदा स्वतःच निवृत्त झालेले. सत्तरीच्या आजींना अडुसष्ट वर्षांचे आजोबा माउस धरून दाखवतात तेव्हा ‘तुम्हा तरुणांचं काय, तुम्हाला येतंच’ म्हणून सुटता येत नाही.

तरी इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं असं मला वाटत नाही. इतक्या मवाळ व्यवस्थेत काही माणसं कायम टेबलापलीकडेच बसतात. दरवर्षी तेच पत्र घेऊन येतात, कुणीतरी भरून देतं, ती घरी जातात. शिकायची ओढ त्यांना कोण लावणार? मुलं दुसऱ्या शहरात, येणंजाणं सणासुदीला. आपल्याकडे ती ओढ नात्यांतून आपोआप येते. माझी आई व्हिडिओ कॉल करायला कुठल्याही क्लासला गेली नाही. नातीचा चेहरा बघायचा होता, तेवढं पुरलं. तीच आई बँकेच्या ॲपला हात लावत नाही. यात विसंगती काहीच नाही. व्हिडिओ कॉलला चुकीचं बटण दाबलं तर फार तर फोन कट होतो. बँकेत चुकीचं बटण दाबलं तर आयुष्यभराची पुंजी जाते, आणि ‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्या ती रोज वाचते. तिची भीती मला अडाणीपणाची वाटत नाही. तिने हिशोब केलाय आणि तो बरोबर आहे.

सक्तीने कुणी शिकतच नाही असंही मी म्हणणार नाही. एमएस-सीआयटीचंच घ्या. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींनी आयुष्यातला पहिला संगणक त्या वर्गात पाहिला, आणि त्यांच्यासाठी तो दरवाजा होता. तोच अभ्यासक्रम सरकारी नोकरांवर आला तो वेतनवाढ रोखण्याच्या बोलीवर. पुस्तक एकच, पण तरुण मुलगा नोकरी मिळवायला शिकत होता आणि पंचेचाळिशीचा कारकून पगारवाढ वाचवायला. एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगात, कोडी सोडवायला ज्यांना पैसे दिले, त्यांनी पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे पाहणं कमी केलं. प्रमाणपत्र फाइलला लागल्यावर अनेक कार्यालयांत संगणकावर पुन्हा आच्छादन का पडलं, याचं उत्तर मला तिथे थोडंफार सापडतं.

घरातली मदत हा आणखी एक पेच. ‘दे इकडे, मी करतो’ हे वाक्य प्रेमाचं आहे, पण त्याने शिकणाऱ्याचा हात कायमचा मागे सरतो. आणि मदत करणारा मुलगा परदेशात असेल तर आई फोनवर ओटीपी वाचून दाखवते, म्हणजे बँक जे करू नका म्हणून रोज बजावते तेच. इथे डिजिडीमध्ये अधिकृत प्रतिनिधी नेमता येतो. आजी आपला पासवर्ड कुणाला देत नाहीत. मुलाला ठरावीक कामापुरती परवानगी देतात, तो स्वतःच्या ओळखीने आत जातो, आणि आजींना वाटलं तर त्या ती परवानगी काढून घेतात. सूत्रं त्यांच्याच हातात राहतात, म्हणून त्या शेजारी बसून बघतात, प्रश्न विचारतात.

अशी सोय आपल्या सरकारी योजनांच्या पोर्टलवर करायला नवं तंत्रज्ञान शोधावं लागणार नाही. हा मुद्दा मांडला की एक आक्षेप हमखास येतो : मग कुणी स्वतः शिकणारच नाही. आज आपले सरकार सेवा केंद्राबाहेर रांगेत उभे असलेले लोक तरी काय शिकतायत?