‘डॉक्टरांनीच दिलेला ड्रॉप आहे, घाला बिनधास्त’?

डोळ्यांच्या ॲलर्जीवरचा एक संदेश सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: खाज सुटली की मागच्या वेळची ड्रॉपची बाटली काढा, डॉक्टरांनीच लिहून दिलेलं औषध, त्यात कसला धोका, दोन दिवसांत लाली गेली म्हणजे औषध लागू पडलं, नाहीच गेली तर थेंब वाढवा, आणि तारीख उलटेपर्यंत बाटली टाकू नका. ही खाज मला स्वतःला वर्षानुवर्षं ओळखीची आहे, त्यामुळे मोह कळतो. तरी हे मुद्दे टिकत नाहीत.

‘डॉक्टरांनीच दिलंय.’ दिलं होतं खरं, पण कशावर आणि किती दिवसांसाठी? ॲलर्जीच्या ड्रॉपमध्ये वेगवेगळी कुळं आहेत. ओलोपॅटॅडिन, कीटोटिफेन ही औषधं खाज आणणाऱ्या हिस्टामिनला अडवतात आणि ते सोडणाऱ्या मास्ट पेशींनाही आवर घालतात. सोडियम क्रोमोग्लायकेट फक्त पेशींना आवरतं, म्हणून त्याचा गुण यायला वेळ लागतो आणि लोक चौथ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून बाटली बाजूला ठेवतात. स्टेरॉइडचं कूळ अगदी वेगळं: प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल. मागच्या वेळी सूज फार होती म्हणून थोड्या दिवसांपुरतं दिलेलं औषध यातलं असू शकतं. बाटलीवर ब्रँडचं नाव ठळक असतं, औषधाचं बारीक अक्षरात. वाचायचं ते बारीक अक्षर.

‘लाली गेली म्हणजे औषध बरोबर.’ संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. स्टेरॉइड दाह दाबतं, मग तो कशामुळे का असेना. लाली हर्पिसच्या विषाणूमुळे असेल तर डोळा आधी पांढरा दिसू लागतो आणि तिकडे बुबुळावरचं इन्फेक्शन पसरत राहतं. दुसरं म्हणजे डोळ्यातला दाब. काही आठवडे स्टेरॉइड घातल्यावर साधारण तिघांतल्या एकाचा दाब कमीअधिक वाढतो, आणि लहान मुलांत तो लवकर नि जास्त वाढू शकतो. हा दाब सहसा दुखत नाही. डोळा स्वच्छ, तक्त्यावरची अक्षरं नीट वाचता येतात, आणि मागची नस मात्र झिजत असते. नजर आधी कडेकडेने जाते. हाच काचबिंदू. दीर्घ वापराने मोतीबिंदूही होतो, पण त्यावर शस्त्रक्रिया आहे. गेलेली नस परत आणता येत नाही. दर ऋतूत डोळे चोळणाऱ्या मुलाला दरवेळी त्याच बाटलीने ‘बरं’ करणारे आईबाप पाहिले की म्हणूनच पोटात गोळा येतो.

(लाली घालवणाऱ्या नॅफॅझोलीनसारख्या ड्रॉपची गंमत आणखी वेगळी. रोज घातले की सोडताच लाली दुप्पट जोमाने परत येते.)

‘थेंब वाढवा.’ बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा. पापणीच्या आत फार तर 30 मायक्रोलिटर मावतं. दुसरा थेंब गालावर ओघळतो, नाहीतर अश्रुनलिकेतून नाकात उतरतो. ड्रॉपनंतर घशात येणारी कडवट चव तीच. खालची पापणी जरा ओढून एकच थेंब टाकावा, डोळा मिटावा, नाकाजवळचा कोपरा एकदोन मिनिटं बोटाने हलकेच दाबून धरावा. दुसरं औषध असेल तर निदान पाच मिनिटांनी. बाटलीचं टोक पापणीच्या केसांना लागू देऊ नये. आणि लेन्स घालणाऱ्यांनी आधी लेन्स काढावी.

‘तारीख उलटेपर्यंत.’ छापलेली तारीख सीलबंद बाटलीची. उघडल्यावर बहुतेक बाटल्या चार आठवड्यांनी टाकायच्या असतात.

खाज असह्य झाली तर थंड पाण्याची पट्टी ठेवा. चोळू नका, चोळल्याने मास्ट पेशी आणखी हिस्टामिन सोडतात. डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतंय किंवा त्रास एकाच डोळ्याला आहे, तर ती ॲलर्जी नसण्याची शक्यता बरीच. त्याच दिवशी दाखवा. आणि कोणी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घालत असेल, तर हे वाचून एकदम बंदही करू नका. बाटली सोबत घेऊन जा, डोळ्यातला दाब मोजून घ्या. त्याला काही मिनिटं पुरतात.