आधी पैसे द्या, मग चोर म्हणा

लोकांचं कल्याण करायची खुमखुमी असेल, तर आपल्या तहसील कचेरीकडे बघून काही शिकू नका. तिथे फाइल हरवते, साहेब दौऱ्यावर असतात, आणि या गोंधळात गरीब माणूस कधीकधी निसटतो. पाळणाघराच्या भत्त्यावरून हजारो आईबापांना चोर ठरवणाऱ्या नेदरलँड्सकडून शिका. तिथे फाइल हरवत नाही.

सुरुवात उदारपणे करा. आईबाप दोघंही कामावर जातात ना? मग पाळणाघराच्या खर्चाला भत्ता द्या, तोही आगाऊ, अंदाजाने. हिशेब नंतर होईल. लोक दुवा देतील. वर्ष-दोन वर्षांनी कागद काढा आणि बारकाईने बघा. कुठे एक सही राहिलेली असते, कुठे पालकांनी स्वतःच्या खिशातून भरायच्या हिश्श्यात थोडे युरो कमी पडलेले असतात. नवखं सरकार तेवढेच युरो मागून मोकळं होतं. तुम्ही तसं करू नका. वर्षभराचा सगळा भत्ता परत मागा. रक्कम हजारोंत गेली पाहिजे. आवळा देऊन कोहळा काढायचा तो असा. हप्ते बांधून द्या म्हणून कोणी गयावया केली, तर त्याच्या नावापुढे ‘हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणा’ असा शेरा मारा. शेरा पडला की हप्त्यांचा विषय संपला.

सावज कसं निवडायचं? २०१३ साली बातमी फुटली, की काही बल्गेरियन लोक येतात, पत्ता नोंदवतात, भत्ते उचलतात आणि पसार होतात. सगळे पक्ष खवळले. असा संताप फुकट घालवू नये. धोका मोजणारी संगणकप्रणाली बसवा, आणि अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हेही तिला बघू द्या. उद्या कोणी भेदभाव म्हणालंच, तर यंत्राला कुठे मन असतं! चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपली असेल, पण अंमलबजावणी बघावी ती डचांची.

कोर्टाची धास्ती नको. ‘सगळं किंवा काहीच नाही’ हा हिशेब तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने वर्षानुवर्षं उचलून धरला. मत बदललं ते ऑक्टोबर २०१९ मध्ये. धोका असतो तो घरातूनच. साँड्रा पाल्मेन या भत्ते वाटणाऱ्या खात्यातल्याच कायदेतज्ज्ञ. त्यांनी २०१७ साली लेखी कळवलं, की हे चुकतंय, पालकांना भरपाई द्या. असा कागद आला की खणात ठेवा आणि खण लावून घ्या. आणि एखादी आई स्वतःची फाइल मागायला आलीच, तर जरूर द्या. पारदर्शकता हवीच. फक्त आधी ओळींवर काळी शाई फिरवा. घरी जाऊन तिने पान उलटावं तर काळं, पुढचं उलटावं तर तेही काळं.

बोभाटा फारच झाला तर राजीनामा द्या. पण मुहूर्त बघून. मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने तो १५ जानेवारी २०२१ ला दिला, निवडणुकीला दोन महिने उरले असताना. पंतप्रधान सायकलवर टांग मारून राजाला भेटायला गेले. मार्चमध्ये त्यांचाच पक्ष पुन्हा सर्वांत मोठा ठरला. सरकार बनायला मात्र २९९ दिवस लागले. पाळणाघराचा अर्ज एवढा रेंगाळला असता तर पालकावर शेरा पडला असता. इथे रुट्टेच पुन्हा पंतप्रधान झाले.

मग भरपाई. प्रत्येक बाधित पालकाला किमान ३०,००० युरो जाहीर करा आणि वाटपासाठी नवी यंत्रणा उभारा, म्हणजे पालकांना पुन्हा अर्ज करता येतील. डिसेंबर २०२४ मध्ये या भरपाईचं खातं कोणाकडे आलं? साँड्रा पाल्मेन यांच्याकडेच. सात वर्षं खणात मुरलेला कागद त्यांनाच निस्तरायला दिला. याला म्हणतात अनुभवी माणसाची कदर.

राहता राहिली मुलं. बाधित कुटुंबांतली हजाराहून जास्त मुलं २०१५ ते २०२० या काळात आईबापांपासून काढून दुसरीकडे ठेवली गेली. यातही बचतच बघा. घरात मूलच नसलं, की पाळणाघराचा भत्ताही द्यावा लागत नाही.