‘आमच्या वेळी कुणाला डिप्रेशन नव्हते’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

किशोरवयीन मुलांच्या मनःस्वास्थ्यावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : ‘मास्तर, मेंदूच्या गोष्टी सांगून पोरांना लाडावू नका. आम्ही खानापूरच्या रानातून चालत शाळेत जायचो, कुणाला डिप्रेशन नव्हते.’ मास्तर या शब्दाचा मला अभिमान आहे. आपण तो ज्या सुरात वापरलात, तो मात्र मला लागला. मतभेद सभ्य शब्दांतही मांडता येतात.

माझ्या लेखातल्या ‘मेंदूची वाढ’ या शब्दांवरची आपली दुरुस्ती मान्य करतो. मेंदूचा आकार सहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण होतो, त्यामुळे मी ‘वाढ’ऐवजी ‘जडणघडण’ म्हणायला हवे होते. ती विशीच्या मध्यापर्यंत चालते. भावनांची केंद्रे आधी जागी होतात, आणि आवेग आवरणारा, कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स सर्वांत शेवटी परिपक्व होतो. म्हणूनच किशोरवयात सवंगड्यांचा शब्द इतका खोल जातो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगात, मोटार चालवण्याच्या खेळात सवंगडी पाहत असताना किशोरवयीन मुलांनी एकट्याने खेळताना घेतली त्याहून कितीतरी अधिक जोखीम घेतली.

राहिले ‘कुणाला नव्हते’. माझा थोरला भाऊ सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकला आणि मग बेळगावात इंग्रजी माध्यमात गेला. पहिल्याच आठवड्यात धडा मोठ्याने वाचताना तो अडखळला. वर्ग हसला, आणि वर्गासोबत शिक्षकही हसले. त्यानंतर त्याने शाळेचे नाव काढले नाही. वडगावातल्या आमच्या घरी मागाशेजारी बसून तो कांड्या भरायचा, आणि भरता भरता हात थांबला की कितीतरी वेळ नुसता सुताकडे बघत राहायचा. घरच्यांनी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला. डिप्रेशन हा शब्द आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हता, त्यामुळे आपल्या हिशेबात माझा भाऊ आजारी नव्हताच. नाव नव्हते म्हणून दुखणे नव्हते, असे कसे म्हणता येईल?



अठ्ठावीस वर्षे मी सीमाभागातल्या वर्गांत उभा राहिलो आहे. घरी मराठी, बसच्या पाटीवर कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी, अशा तिठ्यावर गप्प झालेली मुले मी पाहिली आहेत. आपण किती पाहिलीत, ते कृपया कळवा. आपल्या घरी दहावीतला नातू आहे, असे आपणच लिहिले आहे. त्याला रात्री झोप लागते का, हे आज त्याला विचारा, आणि तो काय सांगतो ते मध्ये न बोलता ऐका. गरज वाटली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे.