कळफलकावरचा हात

यंदा गणपतीच्या चवथीला गोव्यात डिचोलीत घरी होते, तेव्हा आमच्या जुन्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची बैठक झाली. मुलींसाठी एक दिवसाची प्रोग्रामिंगची कार्यशाळा घ्यावी, प्रत्येकीसमोर स्वतंत्र लॅपटॉप असावा आणि प्रत्येकीने स्वतःच्या हातांनी एक छोटे संकेतस्थळ उभे करूनच घरी जावे, असा माझा प्रस्ताव होता. माझ्याच वर्गातला एक मित्र आता व्यवस्थापन समितीवर आहे. त्याने विचारले, दहावीच्या निकालात मुली मागे नाहीत, सहावी ते आठवीच्या मुलांना गोवा सरकारच्या ‘केअर्स’ योजनेतून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवतातच, मग मुलींची वेगळी पंगत कशाला? “तुझ्या जर्मनीपेक्षा आपल्याकडे संगणक शिकणाऱ्या मुली जास्त आहेत,” असेही तो म्हणाला. विषय तिथेच संपला आणि चहा आला. बर्लिनला परतून महिना झाला, तरी ते वाक्य मला सोडत नाही.

वाक्य खरे आहे, म्हणूनच ते अधिक लागते. संगणकशास्त्राच्या वर्गात मुलींचे प्रमाण भारतात जर्मनीपेक्षा जास्त आहे. पण वर्गात बसणे आणि कळफलकावर हात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकले. एका यंत्रामागे आम्ही तिघे असायचो. मुलगा खुर्चीवर, आम्ही दोघी मागे उभ्या. मी वहीतला प्रोग्राम वाचून दाखवायचे, तो टंकायचा. जर्नल माझे सर्वांत नीटनेटके असे आणि प्रात्यक्षिकात गुणही मला त्याच्यापेक्षा जास्त मिळाले. निकालाच्या तक्त्यावर मी पुढे होते. त्या तीन वर्षांत स्वतःची चूक स्वतः शोधून दुरुस्त करण्याची वेळ मात्र माझ्यावर क्वचितच आली, आणि पुढे नोकरीतही मी इतरांचे प्रोग्राम तपासण्याच्याच कामावर राहिले.

स्त्रियांना प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या ‘जँगो गर्ल्स’ या उपक्रमाची पहिली कार्यशाळा 2014 च्या जुलैमध्ये बर्लिनलाच झाली. काही वर्षांनी मी अशाच एका कार्यशाळेला गेले, तेव्हा 32 वर्षांची होते. आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बसवून घेतात, कारण तसे न केल्यास अर्धा दिवस त्यातच जातो. तिघींमागे एक मार्गदर्शक असतो आणि आमच्या गटात त्याचा पहिला नियम असा होता की शिकणारीच्या कळफलकाला त्याने हात लावायचा नाही. ओळ चार जागा आत सरकवायला मी विसरले आणि पडद्यावर लाल अक्षरे आली. तो शांतपणे म्हणाला, खालची ओळ आधी वाच. चूक तिथेच लिहिलेली होती. वीस मिनिटे लागली, पण ती वीस मिनिटे माझी होती.

मुलींची वेगळी पंगत याचसाठी. मुलींना जमत नाही म्हणून नव्हे, तर घरी संगणक हाताळलेला एखादा मुलगा गटात असला की पहिल्या अर्ध्या तासातच कळफलक त्याच्याकडे सरकतो आणि कोणाला त्यात काही गैर वाटत नाही. शिवाय घरी परतण्याच्या वेळेचा प्रश्न आहेच. इथे आमची कार्यशाळा सातला संपली, मग सगळ्या मिळून क्रॉइत्सबर्गला ड्योनर खायला गेलो आणि एकीच्याही घरून फोन आला नाही. डिचोलीला शिकायला येणाऱ्या केरी गावच्या मुलीला मात्र कदंबाची बस सांभाळावी लागते. हे मी बैठकीत जरा चढ्या आवाजात सांगितले आणि समोरचे चेहरे मिटले.

एक गोष्ट मी त्या बैठकीत सांगितली नाही. माझ्या शेजारच्या आजी ड्रेस्डेनला रोबोट्रोन या संगणक बनवणाऱ्या कंपनीत कामाला होत्या, पूर्व जर्मनी होती तेव्हा. आता मी इथे घेते त्या कार्यशाळांचे ऐकून त्या म्हणाल्या, आम्हाला वेगळे बसवायची कधी गरज पडली नाही, आम्ही कामावर होतोच. म्हणजे माझ्या मित्राच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा माझ्याच जिन्यात राहतो. मला सोयीचे तेवढे मी तिकडे नेले.

आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर भावाच्या मुलीला शिकवताना तिने ओळीच्या शेवटी अपूर्णविराम दिला नाही, तर माझाच हात पुढे गेला. “आते, हांव करतां,” म्हणून तिने तो बाजूला सारला. मला लाज वाटली आणि आनंदही झाला. इथे मी जर्मनमध्ये शिकवते, शब्दांची लिंगे चुकतात, आणि मी भारतीय म्हणजे मला संगणक येणारच असे सगळे धरून चालतात. तिकडे मी परदेशातून शहाणपण घेऊन आलेली. ‘हांव करतां’ हे दोन शब्द मात्र मला कोणी समजावून सांगावे लागले नाहीत, आणि माझ्या त्या प्रयोगशाळेत मी ते कधी म्हटले नव्हते.

समितीला मी पुन्हा लिहिले आहे. 19 डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाची सुट्टी असते, प्रयोगशाळा रिकामी असेल. बारा जागा, चार मार्गदर्शक, सकाळी नऊ ते साडेतीन, म्हणजे केरीच्या मुलींना उजेडात घरी पोहोचता येईल. लॅपटॉप मी गोळा करते आहे, सहा झाले आहेत. उत्तर अजून आलेले नाही.