आजीने फक्त खस्ता खाल्ल्या नाहीत

आजी गेली त्याला आज चौदा दिवस झाले. ९४ वर्षांची होती. भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने म्हटलं, "आयुष्यभर घरासाठी खस्ता खाल्ल्या हो त्यांनी." म्हणणाऱ्यांच्या मनात मायाच होती. पण दर वेळी ऐकताना आत कुठेतरी तुटत होतं, म्हणून लिहितेय. खस्ता तिने खाल्ल्याच. पण तेवढंच सांगितलं तर त्यात माझी आजी दिसतच नाही.

लग्न होऊन ती गिरगावातल्या चाळीत आली. दोन खोल्या, नऊ माणसं. तिला जे. जे.मध्ये चित्रकला शिकायची होती, वडिलांनी पाठवलं नाही. १९५२ साली काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी उघडली तेव्हा ती २२ वर्षांची, कडेवर माझी आत्या. आत जायला तिकीट लागत नाही हे कळलं आणि तिचं ठरलंच. दुपारची झाकपाक झाली की आत्याला शेजारच्या काकूंकडे ठेवायची आणि ट्रामचे पैसे वाचवत चालत निघायची. सासूबाई विचारायच्या, "कुठे?" ही सांगायची, "चित्रं बघायला." देवळात जाते म्हणाली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं. तिने देवाचं नाव पुढे केलं नाही, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं. चाळीत बोलणी बसायचीच. आत्यालाही लहानपणी राग यायचा, तिने परवा स्वतःच सांगितलं. आणि मग म्हणाली, "पण त्या दिवशी संध्याकाळी आई गाणं म्हणत पोळ्या लाटायची."

डोंगर तिच्या आयुष्यात उशिरा आले, आजोबा रिटायर झाल्यावर. १९९१च्या डिसेंबरात तिने मला कळसूबाईला नेलं. ती ६१ची, मी ११ची. व्ही.टी.हून रात्रीची शेवटची कसारा लोकल, तिथून मिळेल त्या गाडीने बारी गाव. एरवी पाचवारी नेसणारी आजी डोंगरावर जाताना नऊवारी काढायची. काष्टा घातला की पाय मोकळे राहतात, म्हणायची. खाली कॅनव्हासचे बूट, पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी. लोखंडी शिड्यांपाशी मी रडायला लागले. तिने मला उचललं नाही की ओरडलीही नाही. माझ्या मागच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "मी खाली आहे. तू फक्त पुढची पायरी बघ." १६४६ मीटरवर, देवीच्या देवळापाशी पोहोचलो तेव्हा सगळं धुक्यात बुडालेलं. काहीच दिसत नाही म्हणून मी हिरमुसले. ती मात्र बसून राहिली. हळूहळू भंडारदऱ्याचं पाणी उजळलं, मग अलंग, मदन, कुलंगच्या कडा एकेक करून वर आल्या.

पुढे कॉलेजात असताना तिच्याबरोबर एका प्रदर्शनात चित्रकार वासुदेव गायतोंडेंच्या अमूर्त चित्रासमोर उभी होते. तिला त्यांचं भारी कौतुक, आपल्या गिरगावच्या चाळीत वाढलेला माणूस म्हणून. मी विचारलं, "यात आहे काय पण?" ती म्हणाली, "कळसूबाईचं धुकं आठवतंय? उघडायच्या आधीचं? थांब जरा." त्या दिवशी किती वेळ थांबलो कोण जाणे. चित्र बघायचं म्हणजे काय, हे मला कुठल्याही व्याख्यानाने इतकं नीट समजावलं नाही.

सत्तरीनंतर गुडघे गेले, डोंगर सुटले. मग ती बिल्डिंगमधल्या मुलांना एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करून देऊ लागली, फुकट. स्मरणचित्राला तिचा एकच नियम: आधी डोळे मिटून बघायचं, मगच पेन्सिल उचलायची.

मला वाटतं, बाईच्या मागे आपण तिचा त्याग मोजत बसतो, कारण तो आपल्या सोयीचा असतो. आजीने घराला भरभरून दिलं, आणि स्वतःच्या वाटणीचं हक्काने काढून घेतलं. त्या दुपारी तिने घेतल्या नसत्या तर आम्हा नातवंडांना द्यायला तिच्याकडे धुकं नसतं.

परवा तिचं कपाट आवरलं. साड्यांखाली सुतळीने बांधलेला गठ्ठा निघाला, जहांगीरच्या प्रदर्शनांची साठेक वर्षांची पत्रकं. जवळजवळ प्रत्येकावर पेन्सिलीने बारीक अक्षरात तिचा शेरा. "निळा फार झाला." "हात चांगला, घाई आहे." एकावर नुसतंच, "दोनदा पाहिलं."

गठ्ठा सध्या माझ्याकडे आहे. ज्यांना वाचायचाय त्यांनी रविवारी घरी या, चहा ठेवते.