नसीम हमीदला दिखाव्याने संपवले नाही

बॉक्सिंगविषयीचा एक मराठी संदेश सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतो आहे. इंग्लंडचा ‘प्रिन्स’ नसीम हमीद दोरांवरून कोलांटी उडी मारून रिंगमध्ये उतरायचा, हात कमरेशी सोडून नाचायचा, समोरच्याला वाकुल्या दाखवायचा. मग मार्को अँतोनियो बरेरा नावाच्या शांत मेक्सिकन बॉक्सरने एका ठोशात त्याचा माज उतरवला, त्यानंतर तो रिंगमध्ये पुन्हा दिसला नाही आणि आज त्याचे नावही कुणाला आठवत नाही, अशी ती कथा आहे. तिच्या शेवटी पालकांसाठी उपदेश जोडलेला आहे: महंमद अली आधी जिंकला आणि मग बोलला, कीर्ती मुकाट्याने काम करणाऱ्यांचीच टिकते, म्हणून तुमचे मूल रिंगमध्ये हात खाली सोडून नाचत असेल तर त्याला वेळीच आवरा. हा संदेश माझ्या भाऊजींनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि दहावीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याला समोर बसवून वाचूनही दाखवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. भाचा कॅम्पातल्या एका क्लबात तीन वर्षे बॉक्सिंग शिकतो आहे आणि त्याचा पुढचा हात स्वभावतःच खाली राहतो.

‘एका ठोशात माज उतरला’ हे वाक्य धडधडीत खोटे आहे. ती लढत 7 एप्रिल 2001 रोजी लास व्हेगासमध्ये झाली, पूर्ण बारा फेऱ्या चालली आणि हमीद तीत एकदाही खाली पडला नाही. तीन पंचांनी दिलेले गुण बरेराच्या बाजूने 115-112, 115-112 आणि 116-111 असे होते. बाराव्या फेरीत हमीदचे डोके कोपऱ्यातल्या खांबावर आपटल्याबद्दल रेफरीने बरेराचा एक गुण कापला होता, हे लक्षात घेऊन हिशेब केला तर दोन पंचांनी हमीदला चार फेऱ्या दिल्या आणि तिसऱ्याने तीन. हा पराभव स्पष्ट होता, त्याबद्दल वाद नाही; मात्र ज्या लढतीच्या आधारावर हा सगळा उपदेश उभा आहे, ती संदेश लिहिणाऱ्याने पाहिलेली नाही आणि तिचे गुणपत्रकही वाचलेले नाही, एवढे या आकड्यांवरून सिद्ध होते. ‘तो पुन्हा दिसला नाही’ हेही खरे नाही. मे 2002 मध्ये तो मॅन्युएल काल्वोविरुद्ध लढला आणि गुणांवर जिंकला. एकूण 37 लढतींत 36 विजय, त्यांतले 31 नॉकआउटने, आणि 1 पराभव, असा त्याचा हिशेब आहे.

‘आज कुणाला आठवत नाही’ या विधानावर फार वेळ घालवत नाही. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश 2015 मध्ये झाला, आणि त्याच्या शेवटच्या लढतीनंतर दोन दशके उलटून गेल्यावर पुण्यातल्या घरांत त्याच्या नावाने उपदेश फिरतो आहे.

मला खरी चीड आली ती हात खाली ठेवण्याला गर्व ठरवण्याची, कारण इथे अज्ञानाचा फटका थेट मुलांना बसतो. हमीद सात वर्षांचा असताना शेफिल्डमधल्या विंकोबँक भागातल्या ब्रेंडन इंगल यांच्या जिममध्ये दाखल झाला. त्या जिमच्या जमिनीवर रेषा आखलेल्या होत्या आणि मुलांकडून त्या रेषांवर पावले टाकण्याचा सराव तासन्‌तास करून घेतला जाई; पुढे, मागे, वळून, उजवा पाय पुढे घेऊन आणि मग डावा पुढे घेऊन. तिथले बरेचसे स्पारिंग, म्हणजे सरावाच्या लढती, फक्त अंगावर ठोसे मारण्याचे असे आणि डोक्यावर मारायला बंदी असे, त्यामुळे मुले न घाबरता अंतर ओळखायला आणि ठोसा चुकवायला शिकत. हमीदच्या आधी याच जिममधून हेरॉल ग्रॅहम तयार झाला होता, आणि तोही हात खाली ठेवून केवळ कंबर आणि पाय यांच्या जोरावर ठोसे चुकवणारा म्हणून ओळखला जाई. म्हणजे ही एका मुलाच्या डोक्यात गेलेली हवा नव्हती; एका गुरूने वर्षानुवर्षे घोटून घेतलेली ती पद्धत होती.

या पद्धतीला कारणेही आहेत. हात कमरेजवळ असला की खांदा सैल राहतो आणि ठोसा समोरच्याच्या नजरेच्या रेषेखालून येतो, त्यामुळे तो उशिरा दिसतो. बचाव हातांनी करायचा नसतो. तो मागे झुकून, अंतर राखून आणि पाय हलवून करायचा असतो. या पद्धतीची किंमतही उघड आहे: पाय मंदावले की सगळे उघडे पडते. नवशिक्याला प्रशिक्षक ‘हनुवटी खाली, हात वर’ असे ओरडून सांगतात ते योग्यच आहे, आणि तीन फेऱ्यांच्या हौशी लढतीत चुकीला भरपाई करायला वेळच नसतो, हेही खरे आहे. म्हणून कोणत्या मुलाने हात किती खाली ठेवायचा, हा त्याच्या पायांचा, नजरेचा आणि सरावाचा प्रश्न आहे. त्याच्या संस्कारांचा नाही.

संदेश वाचून दाखवल्यानंतरच्या आठवड्यात मी क्लबात गेलो तेव्हा भाचा दोन्ही हातमोजे गालांना चिकटवून उभा होता. कोपर बरगड्यांशी घट्ट आवळलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले, आणि एरवी चवड्यांवर असणारे पाय टाचांसकट जमिनीला टेकलेले. समोरच्या मुलाचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, त्याला दिसत होता, तरी तो जागचा हलत नव्हता आणि प्रत्येक ठोसा हातमोज्यांवर झेलत होता. फेरी संपल्यावर सरांनी त्याला विचारले, “पाय कुठे ठेवून आलास?” त्याने खाली मान घालून उत्तर दिले, “बाबा म्हणाले, नाचायचं नाही.” सरांनी त्याला हात वर ठेवायला सांगितले असते तर त्यासोबत पायांचे कामही शिकवले असते. संदेशाने त्याला फक्त लाज शिकवली.

मग हमीद हरला कशाने? त्या रात्री बरेराने आपला नेहमीचा धडक मारण्याचा खेळ बाजूला ठेवला. हमीद डावखुरा होता आणि त्याची सगळी ताकद डाव्या हातात होती, म्हणून बरेरा त्या हातापासून दूर, आपल्या डावीकडे सरकत राहिला, जॅब मारत राहिला आणि हमीद तोल घालवून पुढे झेपावला की त्याला टिपत राहिला. हमीद एकेक मोठा डावा ठोसा शोधत बसला. इंगल यांच्यापासून तो त्याआधीच दुरावला होता आणि रेषांवर घोटलेले ते पायांचे काम त्याच्या खेळातून विरळ होत गेले होते. पाय असताना खाली सोडलेले हात चालत होते आणि पाय गेल्यावर चालेनासे झाले, असा माझा निष्कर्ष आहे. कोलांटी उडीचा त्यात काडीचाही हात नाही, कारण तीच उडी मारून त्याने सप्टेंबर 1995 मध्ये कार्डिफला, स्टीव्ह रॉबिन्सनच्या स्वतःच्या गावात, त्याच्याकडून विजेतेपद हिसकावले होते आणि त्यानंतर पाच वर्षे ते राखले होते. डिसेंबर 1997 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केव्हिन केलीने त्याला तीनदा खाली पाडले, तेव्हा तो तिन्ही वेळा उठला आणि चौथ्या फेरीत त्याने केलीला संपवले. ज्याच्याकडे नुसता दिखावा असतो, तो तिसऱ्यांदा उठत नाही.

त्या दिखाव्याने काय दिले, याचा हिशेब संदेशात कुठेच नाही. फेदरवेट म्हणजे 57 किलोंच्या आसपासचा गट, आणि बॉक्सिंगचा पैसा बहुतांशी मोठ्या वजनांकडे वाहतो. या लहान गटाच्या लढतीसाठी हमीदने मोठाली सभागृहे भरवली आणि अमेरिकी दूरचित्रवाणीला आपल्या दाराशी आणले. बरेराची ती सुरेख रात्र इतक्या लोकांनी पाहिली, तीही समोर हमीद होता म्हणून.

अलीविषयीचे विधान तर साफ उलटे आहे. 1961 मध्ये, तो अजून कॅशियस क्ले असताना आणि व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जेमतेम रुजत असताना, त्याची गाठ गॉर्जस जॉर्ज या भपकेबाज कुस्तीगिराशी पडली आणि लोक आपल्याला हरताना पाहायलाही तिकीट काढतात, हे त्याने त्याच्याकडून उचलले. नोव्हेंबर 1962 मध्ये आर्ची मूर चौथ्या फेरीत पडेल असे त्याने आधी जाहीर केले आणि मूर चौथ्या फेरीतच पडला. 25 फेब्रुवारी 1964 रोजी तेव्हाचा हेवीवेट विजेता सनी लिस्टन याच्यासमोर उतरताना सट्टेबाजांचा भाव त्याच्याविरुद्ध सातास एक होता, तरी कित्येक महिने तो आपणच जिंकणार असे ओरडून सांगत होता. सातव्या फेरीसाठी लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. म्हणजे अली आधी बोलला आणि मग जिंकला.

आपल्याकडे तर हे कुणी समजावून सांगण्याची गरजच पडू नये. हलगीच्या तालावर आखाड्याला फेरी मारून, शड्डू ठोकून समोरच्याला आव्हान देणारा पैलवान पुण्याच्या पेठांतल्या तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. त्या शड्डूमुळे एखाद्याची कुस्ती बिघडली, असे वस्तादांच्या तोंडून मी कधीही ऐकलेले नाही. माझ्या भाऊजींचे वडील स्वतः तालमीत जात.

संदेशातले एक अर्धसत्य मात्र मला मान्य करावेच लागते, आणि ते अलीच्याच नावावर आहे. लष्करात जायला नकार दिल्यामुळे अलीवर बॉक्सिंगची बंदी होती, त्या काळात त्याचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझर याने त्याला परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला होता. त्याच फ्रेझरला अलीने गोऱ्यांचा हस्तक म्हटले आणि 1975 च्या मनिलातल्या लढतीआधी सगळ्या जगासमोर गोरिला म्हटले. फ्रेझरच्या मुलांना ते शाळेत ऐकावे लागले. अलीने 2001 मध्ये जाहीर माफी मागितली, तरी फ्रेझरच्या मनातला कडवटपणा फार काळ टिकला आणि अलीच्या चरित्रावर तो डाग राहिलाच. वाकुल्या दाखवणे हमीदनेही अनेकदा मर्यादेबाहेर नेले, आणि त्याचे ते वागणे मला तेव्हाही आवडत नव्हते. परंतु स्वतःचा डौल मिरवणे आणि दुसऱ्याचा अपमान करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संदेशाने त्या एकत्र कालवल्या आणि शिक्षा डौलाला दिली.

राहिला शेवटचा दावा, की कीर्ती मुकाट्याने काम करणाऱ्यांचीच टिकते. लॅरी होम्सने 1978 पासून सात वर्षांत हेवीवेट विजेतेपद वीस वेळा राखले. रिंगमध्ये तो काम चोख करायचा आणि कोणताही तमाशा करायचा नाही, तरी थोरांच्या गप्पांत त्याचे नाव अली आणि टायसन यांच्यानंतरच निघते. सप्टेंबर 1985 मध्ये 48 विजयांनंतर, जुना हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानो याच्या 49 विजयांच्या विक्रमाला एकच लढत उरलेली असताना, तो मायकेल स्पिंक्सकडून हरला, आणि त्या पराभवाच्या कडवटपणात मार्सियानोविषयी अत्यंत अपमानकारक असे एक वाक्य बोलून गेला. पुढे त्याने त्याबद्दल माफी मागितली, परंतु इतक्या वर्षांच्या चोख कामासोबत लोकांनी ते वाक्यही लक्षात ठेवले.